तोफ्या काकांच्या गाडीत

माझे थोरले काका नगरपालिकेची शववाहिनी चालवायचे. हे सांगितलं की लोक एकदम चेहरा लांब करतात आणि आवाज खाली आणतात. तशी काही गरज नाही. आमच्या घरातला सगळ्यात गमत्या माणूस कोण विचारलं, तर सगळे काकांकडेच बोट दाखवतील.

आधी ते शहरात नगरपालिकेचीच बस चालवायचे. त्यांना एकच खोड होती. कुणी धावत येताना आरशात दिसलं की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. पिशव्या सावरत येणाऱ्या आजीबाई असोत, बुटाची नाडी सुटलेला कारकून असो, काका थांबायचेच. आत बसलेले करवादायचे, घड्याळं दाखवायचे, पण काका ढिम्म. बस कधी वेळेवर पोचली नाही. तक्रारींचा ढीग झाल्यावर साहेबांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, "गाडी तुम्ही उत्तम चालवता. फक्त ज्यांना कुठं पोचायची घाई आहे अशी माणसं तुमच्या गाडीत बसवणं बरोबर नाही." आणि बदली केली. ही गोष्ट काका स्वतःच सांगतात आणि वर म्हणतात, "तेव्हापासून एकाही प्रवाशाची तक्रार नाही बघ."

चेष्टा सोडली तर ते काम त्यांनी मन लावून केलं. गाडी रोज स्वतः धुवायचे. कोपऱ्यांत अडकलेल्या पाकळ्या दाढीच्या जुन्या ब्रशनं काढायचे. मागच्या बाकाखाली पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायचे, कारण रडून रडून माणसाच्या घशाला कोरड पडते आणि त्या दिवशी पाणी आणायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. हॉर्न वाजवायचा नाही, आपण होऊन बोलायचं नाही आणि गेलेला माणूस कसा होता ते विचारायचं नाही, असे त्यांचे नियम होते. "कसा का असेना, आता माझ्या गाडीत आहे," एवढंच म्हणायचे.

एका माणसाच्या बाबतीत मात्र काकांचा हा सगळा समजूतदारपणा कुठं जायचा कोण जाणे. तो म्हणजे तोफ्या.

तोफ्या हा आमच्या शहराचा देव होता. देव म्हणजे पायांपुरता. आमच्याकडे फुटबॉलचे दोन संघ, पूलवाले आणि स्टेशनवाले. तोफ्या स्टेशनवाल्यांकडून डाव्या बाजूनं खेळायचा. त्याचा डाव्या पायाचा फटका आला की गोलकीपर अडवायचं सोडून खाली वाकायचे. एकदा नेम चुकला आणि चेंडू मैदानाबाहेरच्या चहावाल्याच्या बरणीवर बसला. चहावाल्यानं ती फुटकी बरणी कितीतरी वर्षं फळीवर मांडून ठेवली होती आणि तिला कुणी हात लावला तर भडकायचा. तोफ्यानं या शहराला पहिल्यांदा आणि शेवटचं अजिंक्यपद मिळवून दिलं.

आणि पुढच्याच वर्षी अंतिम सामन्याला तो आलाच नाही. आदल्या दिवशी प्यायला आणि कुणाच्या तरी घरी गाढ झोपून राहिला. स्टेशनवाले हरले. त्यानं एका लाइन्समनच्या थोबाडीत मारली होती. पहिली बायको मुलाला घेऊन निघून गेली, दुसरीही टिकली नाही. शाळांमध्ये बक्षीस समारंभाला येतो म्हणायचा आणि यायचा नाही, मुलं हार घेऊन उन्हात उभी. तरी शनिवारी तो मैदानात उतरला की लोक सगळं विसरायचे. रविवारी पुन्हा त्यांना सगळं आठवायचं.

काकांचं त्याच्याशी वैर मात्र वेगळ्याच कारणासाठी होतं. माझे बाबा, म्हणजे काकांचे धाकटे भाऊ, तेव्हा पूलवाल्यांचे राईट बॅक होते. तोफ्याला अडवायचं काम त्यांचंच. बाबा चांगले खेळायचे, इतके की मोठ्या संघाच्या निवड चाचणीचं बोलावणं आलं होतं. त्याआधीच्या शेवटच्या सामन्यात बाबांनी सगळ्या शहरासमोर तोफ्याच्या पायातून चेंडू पुन्हा पुन्हा काढून घेतला. लोक हसायला लागले. तोफ्याला हसलेलं खपायचं नाही. पुढच्या वेळी चेंडू केव्हाच निघून गेला होता, तरी तो धावत आला आणि दोन्ही पाय पुढं करून बाबांवर घसरला. नडगीचं हाड मोडल्याचा आवाज गॅलरीत काकांना ऐकू आला. निदान काका तसं सांगतात. तोफ्याला लाल कार्ड मिळालं आणि तो मैदानाबाहेर गेला.

"हसत गेला," काका म्हणायचे. "मी बघितलंय. हसत हसत गेला."

बाबा पुन्हा खेळले नाहीत. पाय जोडला गेला, पण बोटभर आखूड राहिला.

त्यानंतर आमच्या घरात तोफ्याचं नाव निघालं की काका ताटावरून उठायचे. केस कापणाऱ्यानं दुकानात तोफ्याचा फोटो लावला म्हणून त्यांनी केस कापणारा बदलला. नवीन मिळाला त्याला धड कापता येत नव्हते, तरी काका वर्षानुवर्षं कानाजवळ खड्डे घेऊन हिंडले, पण परत गेले नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण काकांचा तर सुंभही शाबूत होता.

बाबांनी मात्र शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान टाकलं. बसून करायचं काम. डावा पाय दुमडायचा, उजवा सरळ समोर पसरायचा, मांडीवर यंत्राचं डोकं घ्यायचं आणि हातात तेलाची कुपी. दुकानात रेडिओ, नंतर टीव्ही, आणि त्यावर फुटबॉल. स्टेशनवाल्यांचा सामनासुद्धा.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. दुपारी मी दुकानात अभ्यास करत बसले होते. दारात एक जाडसर, पोट सुटलेला माणूस येऊन उभा राहिला. बाबांनी वर न बघताच विचारलं, "मशीन कुठंय?"

"मशीन नाही आणलं," तो म्हणाला.

आवाज ऐकून बाबांनी मान वर केली. हातातली तेलाची कुपी खाली ठेवली.

"पाय कसा आहे?" त्यानं विचारलं.

"थंडीत दुखतो."

"माझाही गुडघा गेलाय."

"तो कुणी मोडला?"

"मीच," तोफ्या म्हणाला आणि न विचारता स्टुलावर बसला. मग एकदम लहान मुलासारखा म्हणाला, "तू माझ्या पायातून दोनदा बॉल काढून घेतलास. एवढ्या लोकांसमोर."

"तीनदा," बाबा म्हणाले.

"तिसरा बाहेर गेला होता."

"बाहेर गेला होता तर तू ओरडलास कशाला?"

झालं. दोघं त्यावर तासभर भांडले. चहा आला, पुन्हा चहा आला. जाताना तो बाबांच्या पायाकडे बघत उभा राहिला, तोंड उघडलं आणि मिटलं. गेला तसाच.

"माफी मागायला आला होता," बाबा मला म्हणाले. "घशापर्यंत आणली होती. तिथंच अडकली. जाऊ दे, सगळ्यांना सगळं जमत नाही."

त्यानंतर तो अधूनमधून यायचा. कधी शुद्धीत, कधी नाही. बाबांच्या पायाचं दुसरं ऑपरेशन ठरलं तेव्हा "मी येऊन बसतो" म्हणाला आणि फिरकला नाही. महिन्यानं आला तो संत्री घेऊन, त्यातली निम्मी नासकी. बाबांनी चांगली निवडून खाल्ली. हे सगळं आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आईला होतं, काकूला होतं. माहीत नव्हतं ते फक्त काकांना. काका दुकानाकडे यायला निघाले की काकू फोन करायची, "निघालेत हो," आणि शहराचा देव मागच्या दारानं बोळात पसार व्हायचा.

तोफ्या गेला तो मंगळवारी सकाळी. यकृतानं दगा दिला, म्हणजे इतकी वर्षं त्यानं यकृताला दिला होता त्याची परतफेड झाली. बातमी पसरली तशी दुकानांची शटरं अर्धी ओढली गेली. केस कापणारा दाढी अर्धवट सोडून रस्त्यावर येऊन रडत होता आणि साबण लावलेलं गिऱ्हाईक त्याच्या खांद्यावर हात ठेवून रडत होतं. सगळेच रडत होते असंही नाही. भाजी घेताना एक बाई स्पष्ट म्हणाली, "बायकोपोरांचे हाल केले त्यानं. त्यांना विचारा, रडायचं का ते." तिला कुणी गप्प बसवलं नाही. खरंच होतं ते.

मैदानावर दर्शन आणि तिथून अंत्ययात्रा असं बुधवारचं ठरलं. नगरपालिकेच्या गाड्या दोन. दुसऱ्या गाडीचा चालक मुलीच्या बाळंतपणाला गेलेला. म्हणजे काकाच.

साहेबांना सगळा इतिहास ठाऊक होता. त्यांनी फोन करून विचारलं, "जमेल ना हो?"

"न जमायला काय झालं?" काका म्हणाले. "तिसरा गिअर टाकतो आणि नेऊन पोचवतो. आयुष्यात पहिल्यांदा वेळेच्या आधी पोचीन."

बुधवारी सकाळी मी आणि बाबा काकांकडे गेलो. काका गणवेशाची बटणं लावत होते. काकू चहा गाळत होती. बाबांच्या गळ्यात स्टेशनवाल्यांचा हिरवा गळपट्टा होता. पूलवाल्यांच्या राईट बॅकच्या गळ्यात! काका बघतच राहिले.

"हे काय?"

"दादा, तुझ्या शेजारची जागा रिकामी असेल तर मी येऊ का?" बाबा म्हणाले. "चालत जायला मला जमायचं नाही."

"कुणासाठी? त्या माणसासाठी?" काकांचं आवाजावरचं नियंत्रण सुटलं. "मेल्या म्हशीला मणभर दूध! काल मेला आणि आज लगेच थोर झाला? अरे, तुझा पाय मोडून हसत गेला तो!"

"हसत गेला की नाही मला माहीत नाही. मी उताणा पडलो होतो, मला आभाळ दिसत होतं," बाबा शांतपणे म्हणाले. "पण पाय माझा मोडला, दादा. राग तू किती वर्षं धरून बसणार?"

"तुला राग येत नाही म्हणून कुणीतरी धरायला नको?"

"यायचा. खूप यायचा. मग तो दुकानात यायला लागला आणि समोर बसलेल्या माणसावर रोज रोज रागावता येत नाही."

"दुकानात?" काकांनी माझ्याकडे बघितलं, मग काकूकडे. काकू गाळणं धुण्यात फारच गुंतली होती. "तुम्हाला माहीत होतं? सगळ्यांना?"

"दूधवालासुद्धा विचारायचा, आज तोफ्या आला नाही वाटतं," काकू म्हणाली. "तुम्हाला सांगून काय उपयोग? तुम्ही त्याच्यापायी केस कापणारा सोडलात. भाऊ सोडला असतात तर?"

काकांनी टोपी घातली. "ती जागा नातेवाइकांसाठी असते, नियम आहे," एवढं म्हणून ते निघून गेले. चहा तसाच राहिला. बाबांनी तो उचलून पिऊन टाकला आणि मला म्हणाले, "चल, पुलापर्यंत तर जाऊ. येईल तेव्हा तिथं बघू."

पुलाच्या वळणावर आम्ही उभे राहिलो. गर्दी इतकी की पाय ठेवायला जागा नाही. हिरवे पट्टे, निळे पट्टे, दोन्ही संघांची माणसं खांद्याला खांदा लावून. एरवी या वळणावर ती एकमेकांच्या अंगावर जायची. कुणी तोफ्यावरचं जुनं गाणं म्हणत होतं. त्याला मध्येच शब्द आठवेनात, तर पूलवाल्यांनी पुढची ओळ सांगितली. तोफ्याला शिव्या घालायला का होईना, त्यांनी ते गाणं पाठ केलं होतं.

मग गाडी दिसली. मी तिसऱ्या गिअरची वाट बघत होते. गाडी मुंगीच्या पावलानं येत होती.

काय झालं होतं ते काकांनी नंतर सांगितलं. मैदानाच्या फाटकातून बाहेर पडताना त्यांनी खरंच वेग घ्यायला सुरुवात केली. तेवढ्यात आरशात माणसं दिसली. म्हातारी, तरणी, एक बाई कडेवर पोर घेऊन, एक माणूस चप्पल हातात धरून, सगळी गाडीमागं धावत होती. "इतकी वर्षं धावणारा माणूस मागं ठेवून गेलो नाही," काका म्हणाले. "मेलेल्याचं सोड, धावणाऱ्यांचा काय दोष?" आणि पाय ब्रेकवर गेला तो गेलाच. अर्ध्या क्लचवर गाडी चालवून इंजिन तापायला लागलं. इंजिनची उष्णता आत खेचली जाऊन ते थंड राहावं म्हणून काकांनी भर उन्हात गाडीतला हीटर लावला आणि आत घामानं आंघोळ करत ते चालवत राहिले. लोक समोरच्या काचेवर फुलं फेकत होते. वायपर फिरवला तर त्यांचा चिखल व्हायचा, म्हणून काका खिडकीतून हात काढून एकेक फूल बाजूला करत होते.

गाडी आमच्यासमोरून पुढं सरकली आणि बाबा एकदम चालायला लागले. काठी टेकत, लंगडत, गाडीच्या बाजूनं. मी म्हटलं, "बाबा, अहो पडाल!" ऐकतात कुठले? लोकांचे धक्के लागत होते. एकदा काठी घसरली. तेवढ्यात गाडी थांबली. त्याबरोबर मागचा लोंढाही थांबला. काकांनी वाकून डावीकडचं दार उघडलं.

"बस."

"नातेवाइकांची जागा आहे ना?" बाबा म्हणाले.

"बस म्हटलं ना! उगाच पाय दुखवून घेशील."

एका म्हाताऱ्या स्टेशनवाल्यानं बाबांना ओळखलं. "अरे, हा तो राईट बॅक," तो शेजारच्याला म्हणाला, आणि त्या दोघांनीच बाबांना दंडाला धरून वर चढवलं.

पुढच्या बाकावर आधीच एक बाई बसल्या होत्या. तोफ्याची पहिली बायको. साधी राखाडी साडी, मांडीवर पर्स, डोळे कोरडे. मुलगा मागं शवपेटीजवळ होता. त्यांनी बाबांकडे बघून विचारलं, "तुम्ही कोण?"

बाबा म्हणाले, "त्यानं ज्याचा पाय मोडला तो."

बाईंनी बाबांना नीट वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "असं होय," त्या म्हणाल्या आणि सरकून जागा केली. "म्हणजे घरचेच की."

काकांना हसू फुटलं. आवरायला गेले तर ते नाकातून आलं. ते बघून बाबा हसले, मग त्या बाईही हसल्या आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरले. बाबांनी बाकाखालून पाण्याची बाटली काढून दिली. त्या प्यायल्या आणि म्हणाल्या, "मैदानात तो तुमचा सगळ्यांचा होता. घरी आला की कुणाचाच नसायचा. पण काय खेळायचा हो!"

"खेळायचा," काका म्हणाले. तीसेक वर्षांत त्यांच्या तोंडून त्याच्याविषयी निघालेला हा पहिला बरा शब्द. लगेच त्यांनी पुढं जोडलं, "माणूस म्हणून भिकार."

"त्यात काही वादच नाही," बाई म्हणाल्या.

गाडी स्मशानात पोचली तेव्हा ठरलेली वेळ केव्हाच टळून गेली होती आणि मागून धावणारं कुणीही मागं राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. फुलांनी भरलेली काच आणि तिच्यामागं शववाहिनीचा चालक खो खो हसतोय. साहेबांनी काकांना बोलावून लेखी खुलासा मागितला. काका कागद घेऊन घरी आले, पण काय लिहावं ते त्यांना सुचेना. त्यांचं काम त्या बाईंनीच केलं. त्यांनी कार्यालयात फोन केला, "हसवलं मी. चाळीस वर्षांत मला एवढं एक हसू मिळालं, त्याचाही तुम्ही हिशेब मागणार का?" साहेबांनी कागद परत मागून घेतला.

अंत्ययात्रेच्या संध्याकाळी आम्ही सगळे काकांकडेच जेवलो. काका सकाळपासून सगळ्यांशी अबोला धरून बसले होते. निदान काकूशी तरी. आमटीचं पातेलं मागायलासुद्धा ते माझ्यामार्फत निरोप पाठवत होते. जेवण होत आलं तसं ते बाबांना म्हणाले, "त्या सामन्यात आधी काय झालं होतं रे? मला पुढचंच आठवतं."

बाबा हात धुवायला उठले होते, ते परत बसले. इतकी वर्षं त्या दिवसाचं नाव निघालं की हाडाच्या आवाजावर येऊन सगळं थांबायचं. त्याच्या आधी तासभर बाबा आयुष्यातला सगळ्यात सुंदर खेळ खेळले होते, आणि ते त्यांना घरात कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी मीठदाणीचा गोलकीपर केला, लोणच्याच्या बरणीचा तोफ्या केला, आणि पहिल्या मिनिटापासून सुरुवात केली. काका मध्ये मध्ये अडवायचे, "छे, तू रेषेच्या आत होतास," आणि बाबा खेकसायचे, "मैदानात मी होतो की तू?" काकू अबोला विसरून म्हणाली, "ताटं उचलू का, की तीही संघात आहेत?" काका म्हणाले, "थांब, आत्ता कॉर्नर आहे."

काका मागच्या वर्षी निवृत्त झाले. केस आता जुन्या दुकानात जाऊन कापतात. फोटो तिथंच आहे, काका त्याच्याकडे पाठ करून बसतात. तोफ्याला माफ केलंत का असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "माफ करणारा मी कोण? पण रोज शिव्या द्यायला वेळ मिळत नाही हल्ली."

वेळ मिळत नाही हे खरंच आहे. दर शनिवारी दोघं भाऊ मैदानावर जातात, गॅलरीच्या खालच्या पायरीवर, बाबांना पाय पसरता येतो तिथं. शांत बसायचं काम फक्त बाबांचं. गेल्या महिन्यात काकांनी रेफ्रीच्या दृष्टीवर, बुद्धीवर आणि सासुरवाडीवर इतकं काही ऐकवलं की फाटकावरच्या माणसानं येऊन त्यांना बाहेर काढलं. साठी उलटलेला माणूस, आयुष्यात कधी हॉर्न न वाजवलेला! बाबा घरी आले ते हसून हसून बेजार झाले होते. काकू म्हणाली, "चांगलं झालं. पुढच्या शनिवारी मीही येते. मला बघायचंय."